दात पडतो तेव्हा आधी हाड गेलेले असते

(आरोग्य सेविका, वसतिगृह अधीक्षक आणि देणगीदार मित्र यांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात आपण कुपोषण, रक्तक्षय, सिकलसेल, क्षयरोग आणि बाळंतपण या विषयांवर बोलतो. यंदा मला हिरड्यांवर बोलायला सांगितले आहे. सकाळी चहाच्या वेळी एका भगिनीने मला सरळ विचारले, “बाई, आमच्या पाड्यावर पोरींच्या अंगात रक्त नाही आणि तुम्ही दात घेऊन काय बसलात?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच मी उभी आहे. मी डॉक्टर नाही. आपल्या केंद्रावर दातांचे डॉक्टर येतात तेव्हा त्यांच्या शेजारी उभे राहून मी नोंदवही लिहिते. जे पाहिले, जे त्यांना विचारून समजून घेतले आणि जे वाचले, तेवढेच सांगणार आहे.

आधी तुम्हालाच एक प्रश्न विचारते. दात घासताना किंवा दातवण करताना ज्यांच्या थुंकीत कधी ना कधी रक्त दिसते, त्यांनी हात वर करावा. लाजू नका. मीही केला आहे. पाहा, अर्ध्याहून जास्त हात वर आहेत. आणि आपण तर आरोग्याचे काम करणारी माणसे आहोत.

हा आजार किती लोकांना असतो? जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली मौखिक आरोग्याचा जगभराचा अहवाल काढला. त्यात म्हटले आहे की हिरड्यांचा तीव्र आजार, म्हणजे ज्यात दातांभोवतीचे हाड बरेचसे गेलेले असते असा आजार, जगात शंभर कोटींहून अधिक लोकांना आहे. पंधरा वर्षांवरील शंभर माणसे घेतली तर त्यांतली सुमारे एकोणीस. हा फक्त तीव्र आजाराचा आकडा झाला. साध्या सुजेचा आणि रक्त येण्याचा आकडा याच्या कितीतरी वर जाईल.

आपल्या देशात २००२-०३ साली राष्ट्रीय मौखिक आरोग्य पाहणी झाली. त्या पाहणीत ३५ ते ४४ या वयोगटात सुमारे ९० टक्के लोकांच्या हिरड्यांत काही ना काही दोष सापडला. हा आकडा ऐकून घाबरू नका, पण तो नीट समजून घ्या. यात ज्यांच्या हिरडीतून नुसते रक्त येते तेही आले, ज्यांच्या दातांवर कीटण साचले आहे तेही आले, आणि ज्यांचे हाड झिजले आहे तेही आले. सगळ्यांचे दात पडणार असा त्याचा अर्थ नाही. त्याच पाहणीत ६५ ते ७४ या वयोगटात हा आकडा सुमारे ८० टक्के, म्हणजे थोडा कमी दिसतो. म्हातारपणी हिरड्या सुधारतात की काय, असे वाटेल. तसे नाही. ज्या माणसाच्या तोंडात दातच उरलेला नाही, त्याच्या हिरडीचा आजार मोजणार कुठे? आजाराने आपले काम पुरे केले की माणूस मोजणीतून बाहेर पडतो.

हा केवळ गरिबांचा किंवा केवळ आपल्या डोंगराचा आजार आहे असेही नाही. अमेरिकेत २००९ ते २०१४ या काळात तोंडाची फार बारकाईने तपासणी झाली. तिथे तीस वर्षांवरील, तोंडात दात असलेल्या प्रौढांपैकी सुमारे ४२ टक्के लोकांना हाडापर्यंत पोहोचलेला आजार होता. जवळजवळ आठ टक्के लोकांचा तीव्र होता. दुकानात हवी ती पेस्ट मिळते, त्या देशातली ही गोष्ट. तेव्हा आपल्या भावाबहिणींना हा आजार आहे म्हणून कोणी त्यांना ‘अस्वच्छ’ म्हणत असेल तर त्याला हा आकडा सांगा.

आता आत काय होते ते पाहू. आपण जेवतो, चहा पितो, काही तासांत दातांवर एक चिकट, मऊ थर येतो. जिभेने चाचपले तर बुळबुळीत लागतो. त्यात असंख्य जंतू असतात. रोज पुसला गेला तर तो निघून जातो. पुसला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे दगडासारखा घट्ट होतो. यालाच आपण कीटण म्हणतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ते सर्वांत आधी साचते. एकदा दगड झाला की ब्रशने निघत नाही, दातवणानेही निघत नाही. तो डॉक्टरांनाच काढावा लागतो.

या थराच्या सोबतीने राहून हिरडी सुजते, लाल होते, रक्त येते. ही पहिली पायरी. इथवर हाडाला धक्का लागलेला नसतो. पुढे सूज दाताच्या मुळाशी उतरते. हिरडी आणि दात यांच्यामधली फट खोल होते. निरोगी माणसात ही फट तीन मिलिमीटरपर्यंत असते. डॉक्टर बारीक खुणांची सळई घालून मोजतात तेव्हा चार, पाच, सहा, कधी आठ मिलिमीटर भरते. इतक्या खोल कुठला ब्रश पोहोचणार? तिथे जंतू सुखाने राहतात. त्यांच्याशी लढता लढता आपल्या शरीराची सूजच दाताला धरून ठेवणारे हाड विरघळवू लागते. ही दुसरी पायरी. आणि गेलेले हाड आपोआप परत येत नाही.

ओढ्याकाठचे सागाचे झाड तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. खोड सरळ, पाने हिरवी, कुठे कीड नाही. पण दर पावसाळ्यात मुळाशी थोडी थोडी माती वाहून जाते. एक दिवस साधा वारा सुटतो आणि झाड आडवे होते. लोक म्हणतात, वाऱ्याने पाडले. खरे तर मातीची धूप दहा वर्षे चालली होती. दाताचेही तसेच आहे. भाकरीचा तुकडा तोडताना दात हातात येतो आणि माणूस म्हणतो, भाकर कडक होती.

यात सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे दुखत नाही. दाढेला कीड लागली, नसेपर्यंत पोहोचली, तर माणूस रात्रभर तळमळतो आणि सकाळी दवाखाना गाठतो. हाड झिजताना तसे काहीच होत नाही. थोडे रक्त, थोडा वास, दातांत अन्न अडकणे, दात लांब दिसू लागणे. एवढ्यासाठी मजुरी बुडवून कोण येईल?

या आजाराला मोकळे सोडले तर काय होते, हे ज्या अभ्यासातून जगाला कळले तो आपल्याच शेजारच्या श्रीलंकेतला आहे. हॅराल्ड लो नावाचे दंतशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० साली तिथल्या चहाच्या मळ्यांतले ४८० मजूर तपासले. सगळे पुरुष, वय १४ ते ३१. त्यांना दातांचे डॉक्टर माहीत नव्हते आणि ब्रशने दात घासण्याची रीतही नव्हती. १९८५ पर्यंत त्यांची पुन्हा पुन्हा तपासणी होत राहिली. या मजुरांच्या दातांना कीड जवळजवळ नव्हतीच. पण दातांवर थर आणि कीटण सगळ्यांच्या होते, आणि हिरड्या सगळ्यांच्या सुजलेल्या होत्या.

पंधरा वर्षांनी काय दिसले? शंभरातले सुमारे अकरा जण असे होते की त्यांच्या हिरड्या सुजलेल्याच राहिल्या, पण आजार पुढे सरकला नाही. एक्क्याऐंशी जणांत तो मध्यम वेगाने वाढला. तिशीनंतर त्यांचे दात जाऊ लागले आणि पंचेचाळिशीपर्यंत सरासरी सात दात गेले. उरलेल्या आठ जणांत आजार झपाट्याने धावला. त्यांचे दात विशीतच पडू लागले, पस्तिशीला बारा गेले, चाळिशीला वीस गेले आणि पंचेचाळिशीला तोंड रिकामे झाले.

हा अभ्यास मला आपल्या कामाशी फार जवळचा वाटतो. मजूर माणसे, डोंगराळ भाग, डॉक्टर दूर. आणि दातांना कीड नाही, तरी दात जातात. आपल्याकडे लोक विचारतात, “दात तर चांगला आहे, किडलेला नाही, मग हलतो कसा?” त्याचे उत्तर त्या चहाच्या मळ्यात मिळते. आणखी एक गोष्ट त्यातून शिकावी. एकाच मळ्यात, एकच अन्न खाऊन, कोणाचे सगळे दात गेले आणि कोणाचा एकही गेला नाही. म्हणून “माझ्या आज्याने कधी ब्रश धरला नाही, त्याचे बत्तीस दात शाबूत होते” असे कोणी सांगितले तर ते खोटे मानू नका. आजोबा त्या अकरांपैकी असतील. पण नातू कुठल्या गटात आहे, हे आधी कोणालाच सांगता येत नाही.

आता आशेची बाजू. त्याच डॉ. लो यांनी १९६५ साली डेन्मार्कमध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना, त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते, दात घासणे बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा घासायला सांगितले. साधारण आठवड्याभरात सूज उतरली. पहिल्या पायरीवरून माणूस पूर्ण मागे येऊ शकतो, तेही औषधाशिवाय, स्वतःच्या हाताने. दुसऱ्या पायरीवरून मागे येता येत नाही, पण तिथेच थांबता येते. आपले सगळे काम या दोन वाक्यांत आहे.

आता आपल्या भागात हा आजार कशाने वेग घेतो ते सांगते.

पहिली गोष्ट तंबाखू. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे २७ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, आणि त्यांतले बहुतेक सगळे चघळण्याची किंवा लावण्याची तंबाखू वापरणारे होते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण तंबाखू-चुन्याची पुडी आणि घरी भाजलेली मशेरी कुठल्या बंदीत येते? मशेरीबद्दल मी बायकांशी बोलते तेव्हा त्या म्हणतात, “बाई, ती तंबाखू नाही, ती दात घासायची.” खरी अडचण इथेच आहे. दात साफ करतो असे समजून आपण हिरडीला रोज विष चोळतो. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, कामाला जाताना एकदा. मग मुलगी आईचे पाहून शिकते. तंबाखू जिथे दाबून ठेवतात तिथली हिरडी खाली सरकते आणि मूळ उघडे पडते. बिडीने आणखी एक फसवणूक होते. ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते, म्हणून आजार आत वाढत असताना वरून हिरडी बरी दिसते.

दुसरी गोष्ट साखरेचा आजार. मधुमेह आणि हिरड्या एकमेकांना बिघडवतात. साखर जास्त असेल तर हाड लवकर झिजते, आणि हिरड्यांत सूज असेल तर साखर आटोक्यात ठेवणे कठीण जाते. हिरड्यांचे नीट उपचार झाले की साखर थोडी खाली येते असेही दिसून आले आहे.

गेल्या वर्षी होळीनंतरच्या शिबिरात एक ताई आल्या. वय अडतीस. नवराबायको गुजरातेत ऊसतोडीला जाऊन परतले होते. खालचे पुढचे दात हलत होते. बसल्या बसल्या म्हणाल्या, “काढून टाका, म्हणजे सुटले.” एकही दात किडलेला नव्हता. डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या, ठिकठिकाणी पू होता. त्यांनी विचारले, रात्री लघवीला किती वेळा उठता? तहान फार लागते का? साखर तपासली तर खूपच वाढलेली. ताईंना कल्पनाच नव्हती. आज त्या उपकेंद्रातून गोळ्या घेतात. दोन दात काढावेच लागले. बाकीच्यांची सफाई झाली, आणि ते अजून जागेवर आहेत. मशेरी पूर्ण सुटलेली नाही. दिवसातून चार वेळांवरून एकदावर आली आहे, आणि त्या मला दर भेटीत स्वतःहून आकडा सांगतात. तोंड उघडून पाहिले म्हणून एक मोठा आजार सापडला. सकाळी चहाच्या वेळी ज्या भगिनीने मला प्रश्न विचारला, तिला माझे उत्तर हे आहे.

तिसरी गोष्ट गरोदरपण. गरोदर बाईच्या शरीरातील बदलांमुळे हिरड्या थोड्याशा थरानेही फार सुजतात. “पोर दात खाते, प्रत्येक बाळंतपणाला एक दात जातो,” असे आपल्याकडे म्हणतात. बाळ दात खात नाही. सुजलेल्या हिरडीतून रक्त येते म्हणून ती घासणे सोडते आणि आजार वाढतो, असे पुष्कळदा होते. गरोदरपणात हिरड्यांची सफाई करून घेता येते, त्यात भीती नाही. तपासणीच्या कार्डाबरोबर तिचे तोंडही पाहा.

आता काही समजुतींबद्दल बोलते.

पहिली समजूत अशी की हे वयाने होतेच. उपदेशकाच्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात म्हातारपणाचे चित्र आहे. दळणाऱ्या स्त्रिया थोड्या उरल्या म्हणून दळण थांबते, असे त्यात येते, आणि पुष्कळ भाष्यकार त्या दळणाऱ्या म्हणजे दाढा असा अर्थ लावतात. सुंदर चित्र आहे, पण ते म्हातारपणाचे आहे, अडतिशीचे नाही. वय वाढते तसे आजाराला जास्त वर्षे मिळतात, म्हणून म्हाताऱ्यांत तो जास्त दिसतो. नुसत्या वयाने दात हलत नाही.

दुसरी समजूत: दात साफ करून घेतले की ते हलतात. ही तक्रार मी प्रत्येक शिबिरात ऐकते. दोन दातांमधली फट कीटणाने भरलेली असते, आणि ते कीटण दातांना जणू लिंपून धरते. ते काढले की फट उघडी पडते, थंड पाणी झिणझिणते, आणि आधीपासून हलणारा दात हलतो हे पहिल्यांदा कळते. हाड सफाईने गेलेले नसते, ते कीटणाखाली आधीच गेलेले असते. हे सफाईच्या आधी सांगितले तर माणूस विश्वास ठेवतो. नंतर सांगितले तर त्याला ती सबब वाटते.

तिसरी समजूत दातातल्या किड्याची. रिंगणीच्या बियांची धुरी घेतली की किडे पडतात, असे अजून कित्येक पाड्यांवर करतात. ज्या म्हाताऱ्या आजी हे करतात त्यांना हिणवू नका. त्यांच्याकडे लोक विश्वासाने जातात. त्यांना बोलवा, आरशात कीटण दाखवा, आणि ज्याचा दात हलतो त्याला आमच्याकडे धाडा असे सांगा.

चौथी समजूत: रक्त येते म्हणून घासू नये. नेमके उलटे. हलक्या हाताने, पण रोज घासावे. एकदोन आठवड्यांत रक्त कमी व्हायला हवे. झाले नाही तर कीटण साचले आहे किंवा आणखी काही आहे, डॉक्टरांकडे जावे.

मग पाड्यावर परत गेल्यावर करायचे काय? ब्रश असेल तर मऊ घ्या. दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या रेषेवर तिरका धरा आणि छोटे गोल फिरवा. दोन मिनिटे, दिवसातून दोनदा, आणि त्यातही झोपण्यापूर्वीचे चुकवू नका. ब्रश नसेल तर कडुनिंबाचे, बाभळीचे, करंजाचे दातवण चालेल. मात्र टोक चावून चांगले मऊ, कुंचल्यासारखे करा आणि त्याच रेषेवर फिरवा. बहुतेक जण पुढच्या दातांच्या बाहेरून घासतात आणि उठतात. आतली बाजू आणि मागच्या दाढा तशाच राहतात. विटेची पूड, कोळसा, जाडीभरडी राखुंडी वापरू नका, त्याने दात झिजतात. वसतिगृहांच्या अधीक्षकांना माझी विनंती आहे की रात्रीच्या प्रार्थनेनंतर आणि झोपण्यापूर्वी पाच मिनिटे मुलांना ओळीने बसवून दात घासायला लावा. आईबापांची सवय बदलणे कठीण, मुलांची लावणे सोपे. सुट्टीत हीच मुले घरी जाऊन आईला विचारतील.

घरभेटीत तीन प्रश्न विचारा. घासताना रक्त येते का? एखादा दात हलतो का, किंवा पूर्वीपेक्षा लांब दिसतो का? तंबाखू, मशेरी, बिडी किती वेळा? उत्तर काही असो, तोंड उघडायला सांगून उजेडात पाहा. हिरडीतून पू येत असेल, गाल सुजला असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल तर त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा. तोंडातला व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, किंवा पांढरा वा लाल चट्टा दिसला, तर कर्करोगाची तपासणी करून घ्यायला सांगा. सिकलसेलचा रुग्ण असेल, हृदयाच्या झडपेचा आजार असेल, तर दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना ते सांगितलेच पाहिजे. हे त्याच्या चिठ्ठीवर लिहून द्या.

सरकारी सोयींचाही उपयोग करून घ्या. तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब, साखर आणि तोंडाची तपासणी हा आशाताईंच्या आणि उपकेंद्राच्या कामाचा भाग आहे. केंद्र सरकारचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे. जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असतो. अवघड रुग्णांसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. आपली गाडी जाते तेव्हा एक जागा दातांच्या रुग्णासाठी ठेवता येईल.

शेवटी थोडे कठीण बोलते, कारण देणगीदार मित्रही येथे आहेत. आपल्या शिबिरांच्या अहवालात आपण अभिमानाने लिहितो: इतके रुग्ण तपासले, इतके दात काढले, इतक्या कवळ्या वाटल्या. दात काढणे काही वेळा अपरिहार्य असते आणि कवळीने म्हाताऱ्या माणसाला पुन्हा भाकर खाता येते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण कवळीदेखील हाडावरच बसते. दात काढल्यानंतर जबड्याची ती कड हळूहळू आक्रसत जाते, आणि काही वर्षांत तीच कवळी सैल होते. ज्याचे हाड आधीच झिजले आहे, त्याची लवकर होते. मग ती ताकात पडून राहिलेल्या वाटीसारखी कोनाड्यात पडून राहते, आणि तो माणूस पुन्हा मऊ भातावर येतो. शेंगदाणे नाहीत, हरभरे नाहीत, मांस नाही, कच्ची भाजी नाही. ज्या पोषणासाठी आपण इतके झटतो ते तोंडातच अडते.

दहा दात काढल्याचा आकडा फोटोत छान दिसतो. दहा दात वाचवल्याचा फोटो काढता येत नाही. पण माझी मागणी त्याच कामासाठी आहे. पुढच्या वर्षापासून शिबिराच्या नोंदवहीत आणखी दोन रकाने असावेत. कितींची सफाई झाली, आणि त्यांतले किती सहा महिन्यांनी पुन्हा आले. हिरडीच्या आजारात एकदा सफाई करून सोडून देणे म्हणजे एकदाच निंदणी करून शेत सोडून देणे. ज्यांचे हाड झिजले आहे त्यांना आयुष्यभर ठरावीक काळाने यावे लागते.

आणि शिबिराची तारीख आपल्या सोयीने ठरवू नये. दिवाळीच्या आसपास मुकादम येतो, उचल देतो आणि पाडे रिकामे होतात. आपण डिसेंबरात शिबिर घेतले तर म्हातारी माणसे आणि लहान मुले भेटतात. ज्यांचे हाड आत्ता झिजते आहे, ती तीस-चाळीस वर्षांची माणसे तेव्हा उसाच्या फडात असतात. होळीला ती परत येतात. म्हणून एक शिबिर होळीनंतर आणि दुसरे ती निघण्यापूर्वी, पाऊस सरताना घ्यावे. दोन्हींत साधारण सहा महिन्यांचे अंतर आपोआप पडते. निघताना प्रत्येक कुटुंबाला ब्रश द्यावेत आणि साखरेच्या रुग्णाला हंगामापुरत्या गोळ्या मिळतील अशी व्यवस्था उपकेंद्राशी बोलून करावी. यासाठी नवे यंत्र लागणार नाही, इमारत लागणार नाही. डॉक्टरांचे आणखी काही दिवस, गाडीचे डिझेल आणि तुमची चिकाटी लागेल. डॉक्टरांच्या दिवसांचा आणि डिझेलचा खर्च देणगीदार मित्रांनी उचलावा, ही माझी त्यांना विनंती आहे.

भगिनींनो, आज दुपारी जेवणानंतर डॉक्टर इथेच थांबणार आहेत. एक टॉर्च आणि आरसा ठेवलेला आहे. ज्यांनी मघाशी हात वर केले, त्यांनी सर्वांत आधी स्वतःचे तोंड दाखवून घ्या. पहिली मी बसणार आहे. आपल्या हिरडीतले रक्त थांबले की पाड्यावरच्या बाईला सांगताना आपला आवाज वेगळा येईल. मागे रांगेत नाव लिहून घ्यायला वही ठेवली आहे. त्यात ते दोन नवे रकाने मी आजच आखले आहेत.